नंबरही तुझाच

आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कंपनी मला होसूरला पाठवतेय. दोन वर्षं. मी हो म्हटलंय."

होसूर तमिळनाडूत आहे, हे मला फोनवर शोधल्यावर कळलं. तोवर ओट्याजवळ माझ्या दोन गिरक्या घेऊन झाल्या होत्या आणि अर्धे मटार फ्रिजखाली गेले होते. माझी आई एकावन्न वर्षांची आहे. जन्म लासलगावजवळच्या खेड्यातला, संसार इंदिरानगरचा, नोकरी सातपूरची. तिची सगळी दुनिया नाशिक जिल्ह्यातच होती, आणि ती एकदम दोन राज्यांच्या सीमा ओलांडून चालली होती, तेही एकटी!

सातपूरच्या ज्या कारखान्यात ती बावीस वर्षं काम करते, तिथे विजेची बटणं आणि त्यांच्या आतले भाग बनतात. सुरुवातीला ती हाताने तार गुंडाळायची, आता एका लाइनची सुपरवायझर आहे. होसूरला कंपनीचा नवा कारखाना उभा राहिलाय आणि तिथल्या नव्या मुलींना काम शिकवायला अनुभवी माणूस हवं होतं. आधी तीन पुरुषांना विचारलं. तिघेही नाही म्हणाले. मग आई आठवली.

"चौथ्या नंबरवर?" मी भडकले. "बावीस वर्षं काम करून चौथा नंबर? यावर पत्रक निघालंच पाहिजे."

"काढ की," आई म्हणाली. "पण मी गाडीत बसल्यावर काढ. नाहीतर पाचव्याला विचारतील."

वडील दारात चपला घालत होते. त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांना काय वाटतं ते तोंडाने सांगायची त्यांना सवय नाही. "तिकडे सांबार रोज असतं म्हणे," एवढंच बोलून ते दुकानात गेले. दुपारी परतले ते आईच्या सगळ्या कागदपत्रांचे तीन-तीन संच घेऊन. प्रत्येक संच वेगळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेला, वर आईचं नाव सुंदर अक्षरात. त्या फोल्डरांकडे बघून मला थोडं भरून आलं. मी लगेच विषय बदलला.

विषय होता बँकेचा.

मी आणि आणखी सात-आठ जणी मिळून एक लहानशी संघटना चालवतो. दुपारी पाळी सुटते तेव्हा सातपूरला कारखान्यांच्या गेटबाहेर उभं राहून पत्रकं वाटतो. गेल्या काही महिन्यांपासून आमचा एकच विषय चाललाय. कामगार बाईचा पगार तिच्या खात्यावर जमा होतो खरा, पण कार्ड नवऱ्याच्या खिशात, पिन नवऱ्याच्या डोक्यात आणि पैसे आल्या-गेल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर. विचारलं की प्रत्येक नवरा एकच शब्द म्हणतो: सोयीसाठी. त्या एका शब्दावर मी पत्रकात अख्खा परिच्छेद लिहिलाय. पत्रकाचा मथळाही माझाच आहे: 'पगार तुझा. खातं तुझं. नंबरही तुझाच.' तिसरं वाक्य जास्तीचं वाटतं असं बाकीच्यांचं म्हणणं होतं. मी तासभर भांडले आणि ते ठेवायला लावलं. त्याच्या खाली ठळक अक्षरात होतं, 'ज्याच्या फोनवर मेसेज येतो, त्याच्या हातात तुझा पगार.' वडिलांनी सगळं गुलाबी कागदावर छापून दिलं, कारण पिवळ्यावर छापलं की दवाखान्याची जाहिरात वाटते.

तेव्हा आईचं खातं नव्या राज्यात नेणं ही जबाबदारी कुणाची, हे सांगायलाच नको. मी जय्यत तयारीला लागले. गल्लीत बातमी पसरल्यावर सल्ल्यांचा पूर आला. वडील म्हणाले, इथलं बंद करा, तिकडे नवं उघडा, भानगड नको. शेजारच्या काकूंनी छातीठोकपणे सांगितलं की परराज्यात आपलं कार्ड मशीन गिळून टाकतं. मी कुणाचंच ऐकलं नाही. बँक अडवणूक करणार, हे मी गृहीत धरलं होतं. खातं हलवण्याचा अर्ज लिहिला, तो नाकारला तर द्यायचं निषेधाचं पत्रही आधीच लिहून ठेवलं. त्यात फक्त अधिकाऱ्याच्या हुद्द्याची जागा मोकळी सोडली. आई सोमवारी निघणार होती. आम्ही बँकेत गेलो गुरुवारी.

मधे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तेव्हा मला ती सांगण्यासारखी वाटतच नव्हती.

आईच्या खात्याला माझा नंबर जोडलेला होता. काही वर्षांपूर्वी सगळ्यांना खात्याला मोबाइल जोडायला लावलं, तेव्हा आईच्या कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागायचा. ओटीपी यायचा आणि आई आत लाइनवर. म्हणून माझा नंबर दिला. पुढे तो नियम गेला, आईने चांगला फोनही घेतला, पण नंबर राहिला तो राहिलाच. त्यामुळे आई दुकानात उभी राहून तिथल्या क्यूआरचा फोटो मला पाठवायची आणि मी घरून तिच्याच खात्यातून पैसे द्यायचे. ऑनलाइन काही घ्यायचं झालं की तिचा फोन यायचा, "आलं का गं?" मी म्हणायचे, "आलं, लिही," आणि आकडे असे वाचून दाखवायचे की जणू सोडतीचा निकाल लागलाय. आम्हा दोघींना त्यात मजा यायची. निदान मला तरी.

पगार झाला की आईच्या आधी मला कळायचं. तिने कुठून काय घेतलं तेही कळायचं. दोनेक वर्षांपूर्वी एका शनिवारी सातपूरच्या एका मिसळीच्या हॉटेलातून क्यूआरचा फोटो आला. आईला पित्ताचा त्रास आहे. मी पैसे देण्याआधी तिला फोन करून पित्तावर पाच मिनिटं बोलले. पाठीमागून हॉटेलवाला विचारत होता, "ताई, झालं का पेमेंट?" त्यानंतर त्या हॉटेलातून एकही फोटो आला नाही. आईने मिसळ सोडली, असं मी कौतुकाने सगळ्यांना सांगत होते.

तर, बँक.

काउंटरवर पस्तिशीच्या एक मॅडम होत्या. चष्म्याला साखळी, आवाजात घाई नाही. मी फोल्डर आपटलाच.

"खातं होसूरला हलवायचंय."

"का?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. "का म्हणजे? आई तिकडे राहायला चाललीये."

"त्या राहतील तिकडे. खात्याला कुठे राहायचंय?" मॅडम आईकडे बघून हसल्या. "पगार याच कंपनीचा येणार ना? मग याच खात्यावर येईल. कार्ड तिथेही चालतं. बंद तर अजिबात करू नका, सगळं त्याला जोडलेलं असतं, ते निस्तरत बसावं लागेल. शाखा बदलून हवी असेल तर देते, पण आत्ता गरज नाही. पत्ता तेवढा बदलू. कंपनीचं पत्र आणलंय?"

मी तीन संच पुढे केले.

"एकच पुरे."

बरं झालं वडील तिथे नव्हते. निषेधाचं पत्र मी हळूच पिशवीत परत सरकवलं. माणूस भांडायला निघावा आणि समोरच्याने नीट वागावं, यासारखी पंचाईत नाही.

मॅडमनी टकटक टाइप केलं. "पत्ता बदलायला एक मेसेज पाठवलाय, काकू. आकडे सांगा."

आईने पर्समधून फोन काढला, चष्मा चढवला, फोन हाताच्या अंतरावर धरून वाट बघायला लागली. आणि माझ्या पिशवीत टिंग वाजलं.

ते तिघींनीही ऐकलं.

"खात्याला नंबर कुणाचा आहे?" मॅडमनी विचारलं.

"माझा," मी म्हणाले. आणि पुढचा शब्द तोंडातून निघून गेला, परत घेता आला नाही. "सोयीसाठी."

मॅडमनी समोरचं रजिस्टर उचलून बाजूला ठेवलं. काउंटरच्या काचेखाली एक गुलाबी कागद होता. आमचं पत्रक!

"हे तुम्हीच वाटता ना? चेहरा ओळखीचा वाटलाच मला. मागच्या महिन्यात दिलंत गेटपाशी. आवडलं म्हणून ठेवलं." त्यांनी काचेवरून बोट फिरवत मथळा वाचला आणि तिसऱ्या वाक्यावर थांबल्या. "हे तर फारच आवडलं."

आई एवढ्या जोरात हसली की टोकन घेऊन बसलेली सगळी रांग वळून बघायला लागली. आनंद अनावर झाला की तिची भाषा थेट माहेरी जाते. "लय भारी! अहो मॅडम, हे लिहिणारी हीच हाय! एक तास भांडली होती त्या वाक्यासाठी! घरी येऊन मलाच सांगत बसली!"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं आणि त्याच वेळी हसूही येत होतं. गेटवर मी किती नवऱ्यांना धारेवर धरलंय! एकाला तर म्हणाले होते, बायकोच्या पगारावर पाळत ठेवता, लाज वाटत नाही? आणि हे सगळं बोलत असताना माझ्या खिशात माझ्याच आईचा पगार टिंग-टिंग वाजत होता. मी मुलगी आहे, मी प्रेमाने करते, म्हणून ते वेगळं, असं मी कधी मनातही म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती, कारण ते मला दिसलंच नव्हतं.

"नंबर बदला," मी म्हणाले. "आत्ता. इथेच."

"तेच सुचवणार होते. आज फॉर्म दिला तर शनिवारपर्यंत होऊन जाईल. नाहीतर तिकडे गेल्यावर प्रत्येक वेळी लेकीला फोन करत बसतील." मॅडमनी फॉर्म दिला.

आणि इथे मला माझं भांडण मिळालं. फॉर्म सगळा इंग्रजीत होता. आई सही मराठीत करते. आणि मराठीत सही करणाऱ्याने खालची वेगळी चौकट भरायची होती: मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे, वगैरे. हेही इंग्रजीतच! वर एका साक्षीदाराची सही, की होय, मी यांना समजावलं.

"हा काय प्रकार आहे?" माझा आवाज चढला. "मराठीत सही करते म्हणजे तिला कळत नाही? महाराष्ट्रातल्या बँकेत? ही बाई रोज इंग्रजी ड्रॉइंग वाचते!"

"मलाही पटत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण छापून तसंच येतं. तक्रार लिहून द्या, मी वर पाठवते. दोन जणांनी आधीच दिलीये."

मी लिहिली. निषेधाच्या पत्राच्याच मागे, उभ्या-उभ्या. ती तक्रार आजही मला शंभर टक्के योग्य वाटते. नाशिकमध्ये स्वतःच्या भाषेत सही केली म्हणून माणसाला साक्षीदार लागावा, हा अपमान आहे आणि तो कोणत्याही चौकटीत बसवला तरी अपमानच राहतो.

मी लिहीत होते तोवर आईने चष्मा नाकावर ढकलून अख्खा फॉर्म मोठ्याने वाचून काढला, इंग्रजीतून, अडखळत पण एक ओळ न गाळता. मग सुपरवायझरच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, यात जन्मतारीख दोनदा विचारलीये. छपाई करणाऱ्याला सांगा." आणि माझ्याकडे वळून, "कर साक्षीदाराची सही. लिही, की आईने मला समजावलं."

सह्या केल्या, फॉर्म आत गेला आणि दोन मिनिटांत परत आला. आईची सही जुळत नव्हती. खातं उघडलं तेव्हाची सही पडद्यावर होती: प्रत्येक अक्षर सुटं, गोल, शाळेच्या वहीतल्यासारखं, खाली व्यवस्थित रेघ. आताची सही म्हणजे एक वेलांटी आणि पुढे सुसाट निघालेली रेघ. लाइनवरच्या कामाची नोंद असलेल्या चाळीस जॉबकार्डांवर रोज सह्या करून ती तशी झाली होती.

"जुनीसारखी जमतेय का बघा," मॅडम म्हणाल्या. "नाही जमली तर सही बदलण्याचा वेगळा फॉर्म, आणि मग सोमवारपर्यंत काही खरं नाही."

आम्ही बाकावर जाऊन बसलो. माझ्या पिशवीतली उरलेली पत्रकं काढली आणि आई त्यांच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचीच सही गिरवायला लागली. पाच झाल्या, दहा झाल्या. हात पुढे पळायचा. "कशी होते गं मी तेव्हा?" म्हणाली. "एवढी सावकाश?" मी म्हटलं, आई, दमाने. ती म्हणाली, दमानेच घेतेय, पेनच पळतंय.

अकराव्या की बाराव्या सहीला ती थांबली.

"आता सगळे मेसेज माझ्याकडेच येणार ना?"

"सगळे."

"तुझ्याकडे एकपण नाय?"

"एकपण नाही."

तिने पेन टेकवलं आणि एका दमात सही केली. सुटी, गोल, खाली रेघ. हुबेहूब.

"मग सांगते," ती कागदाकडे बघतच म्हणाली. "दर शनिवारी मी मिसळ खाते."

"काय?"

"पाळी सुटल्यावर. त्याच हॉटेलात. दोन वर्षं झाली. रोख देते."

"माझ्यापासून लपवून? मी ओरडते म्हणून?"

"ओरडतेस त्याचं काही नाय. घरी आले की ओरड, मी ऐकेन." ती हसत होती, पण डोळे माझ्यावर रोखलेले. "मी खातेय हे तुला तिथल्या तिथे कळतं, ते नाय आवडत. पहिला घास घ्यायच्या आधीच."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. मला उचकीच लागली. आई पाठीवर थापट्या मारायला लागली, म्हणाली, "बघ, मिसळ मी खाते आणि उचकी तुला," आणि दोघी बाकावर बसून इतक्या खिदळलो की शेवटी मॅडमनी काउंटरवरूनच विचारलं, "काकू, जमली का सही?"

जमली होती. पडद्यावरच्या सहीशेजारी धरून त्यांनी मान डोलावली. "हां, हीच ती."

शुक्रवारी काहीच आलं नाही. मी फोन घेऊन घरभर फिरत होते. शनिवारी सकाळी मी दात घासत असताना टिंग वाजलं. तुमचा नंबर या खात्यावरून काढण्यात आला आहे, हा बदल तुम्ही केला नसल्यास ताबडतोब कळवा. तोंडात फेस तसाच ठेवून मी ओरडत बाहेर आले. त्याच मिनिटाला आईच्या फोनवर टिंग वाजलं. तिने दचकून फोन खालीच ठेवला आणि मग परत उचलला.

पैसे देण्याचं ॲप तिच्या फोनवर बसवलं. सगळ्या पायऱ्या तिनेच केल्या, मी हात पाठीमागे बांधून उभी होते. पिन टाकायची वेळ आली.

"तिकडे वळ," आई म्हणाली.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं.

"अहो, तुम्हीपण."

"मी कशाला बघतोय?" असं म्हणत वडीलही वळले. आम्ही दोघं बापलेक शाळेत शिक्षा झाल्यासारखे कॅलेंडरपुढे उभे. मागून एकेक आकडा दाबल्याची टिकटिक ऐकू येत होती, आणि शेवटी आईचं एक मोठ्ठं, "झालं!"

दुपारी ती पर्स घेऊन निघाली तेव्हा मी दारात आडवी गेले. "मी येऊ?"

तिने थोडा विचार केला. खरंच केला, मला बरं वाटावं म्हणून नाही. "ये. पण पैसे मी देणार, आणि पित्ताचं काढायचं नाय."

हॉटेलवाल्याने तिला बघताच हाक मारली, "ताई, नेहमीचं ना?" तिचा नेहमीचा कोपराही ठरलेला होता. मिसळ आली, तर्री अशी की माझ्या डोळ्यांना आधी पाणी आलं, जिभेपर्यंत मग पोहोचली. आई निवांत खात होती. दुसऱ्यांदा रस्सा मागितला. लिंबू पिळलं. दोन वर्षं माझी आई दर शनिवारी या कोपऱ्यात अशी बसत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही असायचं, हे मी आज पहिल्यांदा बघत होते. माझ्या फोनवर आलेल्या एकाही मेसेजमध्ये ते नव्हतं.

पैसे द्यायला ती गल्ल्यापाशी गेली. फोन क्यूआरसमोर धरला, पिन टाकताना आडवा हात केला. गल्ल्यावरचा स्पीकर खणखणीत आवाजात रक्कम सांगून ओरडला. आई उडालीच. "हे सगळ्या हॉटेलाला सांगतं होय!" हॉटेलभर हशा पिकला. माझा हात सवयीने पिशवीत गेला होता. फोन गप्प होता. मी तो तसाच आत सोडला.

सोमवारी ती गेली. वडिलांनी तिन्ही फोल्डर तिच्या बॅगेत कोंबले. त्याच आठवड्यात मी पत्रक सुधारून घेतलं. 'सोयीसाठी'च्या परिच्छेदात एक ओळ वाढवली: मेसेज नवऱ्याकडे जात असो, मुलाकडे जात असो की लाडक्या लेकीकडे, तो तुझ्याकडे येत नाही तोवर पगार तुझा नाही. वडिलांनी छापताना ती ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि नेहमीपेक्षा शंभर प्रती जास्त काढल्या.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी आईचा होसूरहून फोन आला. मागे कुठल्या तरी हॉटेलातला गलका, ताटल्यांचा आवाज, न समजणारी भाषा. आणि आईचा आवाज अगदी वर गेलेला.

"विचार ना, आज मी काय खाल्लं."

"काय खाल्लंस?"

"नाय सांगत!" ती म्हणाली, आणि हसत सुटली.